वहिनीची जागा

वहिनीचे पाय सुजायला लागले तेव्हा आवणी चालू होती. दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायची म्हटल्यावर पाय सुजणारच, असं तिनं धरलं आणि दादानंही धरलं. शेजारणीनं एरंडाची पानं गरम करून बांधायला सांगितली, ती तिनं बांधली. सूज सकाळी उतरायची, संध्याकाळी परत यायची. आवणी संपली तरी ती येतच राहिली.

डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या कडेकडेनं जो रस्ता डोंगरात शिरतो, त्याच्या जवळजवळ शेवटाला आमचं गाव. मी तिथलीच. आई मी लहान असतानाच गेली. दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनी स्वतः पोरसवदा होती, पण नवऱ्याबरोबर तिला एक नणंदही सांभाळायला मिळाली. माझ्या वेण्या तिनं घातल्या, आश्रमशाळेत मला सोडायला ती डोक्यावर माझी पत्र्याची पेटी घेऊन चालत आली. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्यावरून लोक काय बोलायचे ते मी ऐकलेलं आहे. ती मात्र म्हणायची, "मला कशी न्हाई? ही काय!" आणि माझ्या पाठीत एक धपाटा घालायची.

पुढे मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन कळंबला आले. गेली कितीतरी वर्षं जवळच्याच हायस्कुलात मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते.

त्या वर्षी गौरीला वहिनी माझ्याकडे आली आणि मी दार उघडून बघतच राहिले. तिचा चेहरा बदललेला होता. डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखं झालेलं, आणि दोन पायऱ्या चढून आली तर धाप लागलेली. दुसऱ्याच दिवशी तिला मंचरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पट्टा सोडला आणि परत गुंडाळला.

"यांना बीपीची गोळी कधीपासून चालू आहे?"

"कसली गोळी?" वहिनी म्हणाली.

"याआधी बीपी कधी तपासलं होतं?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तो पट्टा तिच्या दंडाला आयुष्यात पहिल्यांदा बसला होता. आमच्या वरच्या भागात उपकेंद्राची इमारत आहे, रंगही दिलेला आहे, पण नर्सबाईंची बदली झाल्यावर त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. डॉक्टरांची गाडी कधीमधी यायची. ती यायची तेव्हा बायका हिरडा वेचायला रानात असायच्या नाहीतर खाचरात. गाडी हॉर्न वाजवायची आणि निघून जायची. आजारी माणसानं काम टाकून धावत खाली यावं, तर ज्याला धावता येतं त्याला आपण आजारी आहोत असं वाटत नाही.

पुढच्या तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या आकसून गेल्या होत्या. डॉक्टर वयानं लहान होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून सांगितलं की आता आठवड्यातून दोनदा तरी मशीनवर रक्त धुवावं लागेल, आणि हे कायमचं. "साधी गोळी वेळेवर मिळाली असती तर..." एवढं बोलून ते थांबले. मला वाटतं, ते वाक्य त्यांना रोज कुणापुढे तरी अर्धवट सोडावं लागत असणार.

मंचरच्याच सरकारी रुग्णालयात डायलिसिस फुकट होतं, पण मशीन मोजकी आणि सगळी भरलेली. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, जागा झाली की मी स्वतः फोन करते." मधला काळ आम्ही खासगीत कसा काढला ते सांगत बसत नाही. जो तो आपापल्या घरी हे कधी ना कधी सोसतोच.

फोन आला तेव्हा मी शाळेत होते. "जागा झालीय. उद्यापासून आणा." मी व्हरांड्यात उभ्या उभ्या रडले. घरी येऊन शिरा केला. वहिनीला गोड चालत होतं, पाणी चालत नव्हतं, तिनं वाटीभर खाल्ला आणि म्हणाली, "सुटलो बया."

दुसऱ्या दिवशी तिला मशीनला लावलं. लांबट खोली, ओळीनं पलंग, प्रत्येकाच्या उशाशी मशीनचा सारखा एकसुरी आवाज. भिंतीवरच्या टीव्हीत हिंदी मालिका चाललेली, आणि पाय पांघरुणात घेऊन सगळे तिकडं बघतायत. वहिनीच्या शेजारच्या पलंगावर एक म्हातारे शेठ होते. बाजारपेठेत त्यांचं धान्याचं दुकान. घराणं मूळचं मारवाडचं, पण बोलणं ऐकलंत तर आमच्या आळीतलेच वाटतील. त्यांनी वहिनीची चौकशी केली, गाव विचारलं, वरच्या भागातला तांदूळ त्यांना ठाऊक होता. वहिनीला बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "शेठ, ह्या पलंगावर आधी कोन व्हतं?"

शेठ म्हणाले, "होता एक जुन्नरकडचा. लई बोलका माणूस. आम्हाला हसवून हसवून सुई विसरायला लावायचा."

"मंग? बरा झाला?"

शेठनी टीव्हीकडे तोंड फिरवलं. "ताई, इथून बरं होऊन कोणी जात नाही. मागच्या आठवड्यात गेला तो."

चार तास वहिनी छताकडे बघत पडून होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्या मानसाच्या घरी जायचं."

मी खूप समजावलं. ओळख ना पाळख, काय म्हणून जाणार, त्यांना काय वाटेल. "काय वाटायचं ते वाटू दे," ती म्हणाली. "त्येच्या अंथरुनात पडलेय मी. दुखवट्याला जायला नको?"

रविवारी आम्ही नारायणगावला बस बदलून जुन्नर गाठलं आणि तिथून जीपनं पुढे गेलो. शेठनी वाडी सांगितली होती. विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती, माझ्याच वयाची. आम्हाला बघून ती उठली, पाहुणे समजून पाणी आणलं. वहिनीला पाणी मोजून चालायचं, तरी तिनं तो तांब्या तोंडाला लावला.

मग वहिनीच म्हणाली, "बाई, तुमच्या मालकांची दवाखान्यातली जागा मला मिळाली. म्हनून आले."

ती बाई वहिनीकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर ओरडेल. तिनं वहिनीचा सुया टोचलेला हात आपल्या हातात घेतला, पट्टीवरनं बोट फिरवलं आणि विचारलं, "खिडकीकडचा पलंग ना? तितं वारं लागतं. ते शाल न्यायचे. तुमी नेता का?"

"न्हाई."

ती आत गेली आणि एक तपकिरी शाल घेऊन आली. वहिनी नको नको म्हणत होती. "घ्या," ती बाई म्हणाली. "त्यांनाबी कुनीतरी गेल्यावरच मिळाली व्हती ती जागा. तवा आमीबी लई खूश झालतो." तेवढं बोलून मात्र तिला हुंदका आवरला नाही, आणि त्या दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या. मी अंगणात जाऊन उभी राहिले.

परत येताना वहिनी एवढंच म्हणाली, "काल मी शिरा खाल्ला गं." मी म्हटलं, काल नाही, मंगळवारी. तिनं मान हलवली. दिवस कुठला याच्याशी तिला काही करायचं नव्हतं.

सुरुवातीला ती गावाहूनच ये-जा करत होती. पण आमच्या एसटीचा भरवसा नाही. कधी येते, कधी डिंभ्यातूनच मागे फिरते. पावसात दरड आली की दोन-दोन दिवस रस्ता बंद. मशीनची एक पाळी चुकली आणि तिला आडवं झोपता येईना, छातीत पाणी झालं. मग मी तिला कळंबला आणली. माझी मुलगी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला होस्टेलवर गेली होती, तिची खोली रिकामी होती. दादा गावी राहिला. गुरं होती, खाचरं होती, त्याला येऊन चालणार नव्हतं.

अशी ती वर्षभराहून जास्त माझ्याकडे राहिली. मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून डॉक्टरांनी तिच्या हातात नस जोडून दिली होती. तिथं कातडीखाली सारखी घरघर चालायची. माझा हात त्यावर ठेवून ती म्हणायची, "बघ, मांजर पाळलंय." मशीनच्या दिवशी ती गळून पडलेली असायची, दुसऱ्या दिवशी जरा बरी, तिसऱ्या दिवशी परत पाणी चढायला लागलेलं. खिडकीतून पुणे-नाशिक रस्ता दिसायचा. ती तिथं बसून गाड्या बघायची. "इतकी मानसं कुटं चाललीत?" असं सुरुवातीला विचारायची. पुढे पुढे तेही विचारेनाशी झाली.

गावाकडून दादा फोन करायचा. ती त्याला फक्त विचारायची: राब भाजला का, बैलाचा खूर बरा झाला का, वरई कुणी खुरपली. फोन ठेवला की बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडायची.

एकदा मी तिच्या खोलीत बसून दुसऱ्या दिवशीचा धडा वाचत होते. मूलभूत हक्क. तिनं विचारलं काय वाचतेस, म्हणून मी मोठ्यानं सांगायला लागले. समानतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, पोरांना शाळेचा हक्क.

"आन दवाखान्याचा?"

मी अडखळले. वर्गात हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं, सरळ असा लिहिलेला नाही. जगण्याचा हक्क आहे, आणि न्यायालयं म्हणतात की उपचार त्यातच येतात. शिवाय सरकारनं लोकांचं आरोग्य सुधारावं असं घटनेत दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं आहे, पण ते मार्गदर्शक म्हणून. तेवढ्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही.

तिनं बराच विचार केला. "मंजी जमीन कसायला हाय, पर सातबाऱ्यावर नाव न्हाई."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. इतकी वर्षं मी तो धडा शिकवत होते, आणि तो मला असा कधी दिसला नव्हता.

"पर शेठ म्हनतात," ती पुढे म्हणाली, "सरकार फुकट करतंय, उपकार माना. मी मानते की. पर उपकार करनारा उद्या न्हाई म्हनला तर?"

"शाळेचा हक्कसुद्धा आधी नव्हता," मी म्हटलं. "नंतर घटनेत घातला."

"घालता येतो व्हय?" ती उठून बसली. "मंग हेबी घालता यील."

"येईल. पण नुसतं लिहून मशीन येत नाही वहिनी. डॉक्टर येत नाही."

"लिवलं तर मागता तर यील. आता मी काय म्हनून मागू? जागा द्या म्हनायचं, मंजी कुनीतरी मरू द्या म्हनायचं."

मी पुस्तक मिटून ठेवलं.

शेठबद्दल तिला एक हेवा होता. मशीनवरून उठले की शेठ थोडं टेकायचे आणि मुलगा त्यांना दुकानात नेऊन बसवायचा. गल्ल्यावर नाही, नुसतं एका बाजूला गादीवर. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला मुलगा तयार होता, पण शेठ म्हणायचे, मला दुकान दिसलं पाहिजे. "त्यांना दिसतंय," वहिनी मला म्हणाली. "सुई काढली की त्यांचं दुकान, त्यांची मानसं. मला काय दिसतं? ह्यो रस्ता."

दिवाळीच्या आधी भात पिकून पिवळं झालं आणि दादानं सोंगणी कधी धरायची ते विचारायला फोन केला. नेहमी ते वहिनीच ठरवायची. तिनं फोनवर दिवस सांगितला आणि म्हणाली, "मी येते."

मला वाटलं दोन दिवसांसाठी. दोन पाळ्यांच्या मधे जाऊन येता येतं. पण ती कपड्यांची घडी घालत होती, ती सगळ्या कपड्यांची.

"वहिनी, गुरुवारी मशीन आहे."

"न्हाई जायची आता."

मी भांडले, पाया पडले. दादाला फोन लावून दिला. दादा पलीकडे नुसता "अगं, अगं" करत राहिला. मी तिला विचारलं, तुझी जागा दुसऱ्याला मिळावी म्हणून का हे? त्या जुन्नरच्या बाईचं मनाला लावून घेतलंस का?

"छ्या. मी काय देव हाय? ज्याला मिळंल त्याला मिळंल." ती पलंगावर बसली, मला जवळ बसवलं. "हे बघ. मी जगायला हितं आले. आन जगायचं सगळं तितं ऱ्हायलं. तिकडं वरती एक मशीन असतं ना, डिंभ्याला जरी असतं, तरी मी म्हातारी हुस्तवर सुया टोचून घेतल्या असत्या. मला मरायची हौस न्हाई गं. मला घरी जायचंय."

मशीन बंद केलं की काय होतं ते डॉक्टरांनी तिला आणि मला समोर बसवून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "दुखतं का?" डॉक्टर म्हणाले, श्वासाला त्रास होतो. त्यांनी काही गोळ्या लिहून दिल्या. आणखी काय द्यायचं असेल तर वर येऊन देणारं कुणीही नव्हतं.

मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेले. पहिले दिवस ती खरंच सुखात होती. खाचराच्या बांधावर घोंगडी टाकून बसायची आणि तिथून दादाला, मला, सोंगायला आलेल्या बायकांना हुकूम सोडायची. "ती पेंढी ओली हाय, उलटी टाक." झऱ्याचं पाणी तिनं मागितलं तेव्हा मी दादाकडे बघितलं. दादानं तांब्या भरून आणला. ती घटाघटा प्याली, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हणाली, "वरीस झालं, तहान कशी भागती ते इसरले व्हते."

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. वहिनी म्हणाली मला न्या. मी आणि शेजारणीनं धरून तिला शाळेच्या खोलीत नेलं. रस्त्याचं झालं, नळपाण्याचं झालं, मग तिनं हात वर केला. उभं राहता येत नव्हतं, म्हणून बसूनच बोलली.

"माझं एक लिवून घ्या, भाऊसाहेब. आजारी मानसाला इलाज मिळायचा हक्क घटनेत लिवावा. ज्याला त्याला. आन तो घरातनं जाऊन सांजच्याला परत येता यील इतक्या जवळ मिळावा."

ग्रामसेवक चांगला माणूस. तो खाली बघून म्हणाला, "काकू, हा विषय आपल्याकडचा नाही. घटना दिल्लीत बदलतात."

"मंग दिल्लीला आमचं म्हननं कुनी सांगायचं? तुमीच ना?"

कुणीतरी मागं हसलं. पण मग एका म्हातारीनं हात वर केला, तिच्या शेजारणीनं केला, आणि बघता बघता बायकांची सगळी बाजू हात वर करून बसली. ठराव लिहिला गेला. वहिनीनं तो दोनदा वाचून घेतला. "जवळ" हा शब्द सुटला होता, तो तिनं घालायला लावला.

त्यानंतर ती खचत गेली. सगळ्या अंगावर सूज आली, जेवण तुटलं, अंगाला खाज सुटायची. शेवटचे दोन दिवस सोपे नव्हते, आणि ते सोपे होते असं मी कुणाला सांगत नाही. तिला आडवं होता येईना. दादा पाठीशी बसला आणि ती त्याच्या छातीला टेकून श्वास ओढत राहिली. दादानं जीप बोलवू का विचारलं, तेव्हा तिनं मान हलवली, पण मला आजही कळत नाही ती मान कुठल्या बाजूला हलली. जीप आली. अंगणात उभी राहिली. बाहेर भात झोडल्याचा आवाज चालू होता. भर दुपारी, दादा तिला उचलायला वाकला असताना ती गेली. जीपवाला गाडी वळवून खाली गेला.

तिचे दिवस झाले, मी कळंबला आले, शाळा सुरू झाली. मूलभूत हक्कांचा धडा त्या वर्षीही शिकवला, परीक्षेला येतो तसाच. एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्हाला बरं नाही का. मी म्हटलं, वाचा पुढे.

दादा आता एकटा आहे. कळंबला ये म्हटलं तर येत नाही. आयुष्यभर ग्रामसभेला तो फार तर दाराशी उभा राहायचा, बोलल्याचं मला आठवत नाही. आता प्रत्येक सभेला वेळेवर जाऊन पुढं बसतो आणि सगळ्यांचं बोलून झालं की विचारतो, "त्या ठरावाचं काय झालं?"

ग्रामसेवक सांगतो, "वर पाठवलाय."

"वर मंजी कुटं?"

"तालुक्याला. तिथून पुढे."

मागच्या खेपेला मीही तिथं होते. ग्रामसेवक नवीन आला होता, अगदी पोरगेलासा. त्याला तो ठराव माहीतच नव्हता. दादानं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, न चिडता, थांबत थांबत. पोरगा वहीत काहीतरी लिहीत होता. बायका ऐकत होत्या, पुरुषांपैकी निम्मे उठून गेले होते. सांगून झाल्यावर दादा जरा वेळ तसाच उभा राहिला, उत्तर येईल असं वाटून. मग पुढचा विषय निघाला, स्मशानाच्या शेडच्या पत्र्यांचा, आणि तो खाली बसला.